मधल्या तीन वर्षांचं काय? क्रीडा संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या क्रीडा विभागातील संपादक, उपसंपादक, वार्ताहर व समालोचक

स. न. वि. वि.

हे पत्र एका जलतरणपटूविषयी आहे. ती भारतीय नाही. तिला निवृत्त होऊनही काही वर्षं झाली, आणि तिच्या बातमीने आज कुणाच्या अंकाचा खप वाढणार नाही. तरीही लिहितो आहे, कारण तिच्या सतरा वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत जे जे मोठं घडलं, ते जवळजवळ सगळं आपल्या क्रीडापानांच्या नजरेबाहेर घडलं. ते तसं का झालं हे बघायला गेलं, तर आपल्याच पोहणाऱ्या पोरांकडे आपण कसं बघतो तेही आपोआप बाहेर येतं.

तिचं नाव अलिया ॲटकिन्सन, देश जमैका.

जमैका म्हटलं की तुमच्या डेस्कवर काय आठवतं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तेच आठवतं. उसेन बोल्ट, शेली-ॲन फ्रेझर-प्राइस, मायकेल होल्डिंग, कोर्टनी वॉल्श, ख्रिस गेल. वयाने थोडे मोठे असाल तर १९७६ची सबिना पार्कची कसोटी आणि कानावर चेंडू बसून मैदानाबाहेर गेलेले अंशुमन गायकवाड. पोहणं या यादीत येत नाही, आणि खरं सांगायचं तर जमैकातही ते पहिल्या रांगेत नाही. तिथे धावणाऱ्या पोरांच्या शालेय स्पर्धेला स्टेडियम भरतं. तलावावर येतात ते मुख्यतः पोहणाऱ्यांचे आईबाप.

देश केवढा? क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, वस्ती २८ लाखांच्या आसपास. म्हणजे आपला सातारा जिल्हा धरा. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, आणि २०११च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या ३० लाख होती. फरक एवढाच की साताऱ्याच्या चारी बाजूंना दुसरे जिल्हे आहेत आणि जमैकाच्या चारी बाजूंना समुद्र. या साताऱ्याने आपल्याला गोळेश्वरचे खाशाबा जाधव दिले, माणदेशातली ललिता बाबर दिली, आणि २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीतली जगज्जेती अदिती स्वामी दिली. अदितीची बातमी तुम्ही मनापासून छापलीत. म्हणजे एवढ्याशा भूभागातून जगज्जेती निघाली तर ती बातमी किती मोठी असते, हे तुम्हाला शिकवायची गरज नाही.

आता समुद्राचं. बेटावरची माणसं म्हणजे जन्मजात पोहणारी, असं आपल्याकडे सहज लिहिलं जातं. आपल्याला ७२० किलोमीटरचा किनारा आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाला राज्यभरातून मुलं येतात, त्या स्पर्धेची मजा वेगळीच. पण तलावातल्या शंभर मीटरच्या शर्यतीचे निकाल काढून बघा, बहुतेक नावं पुणे, मुंबई, ठाणे, कोल्हापूरची. समुद्र लेन देत नाही, भिंत देत नाही, आणि पहाटे पाच वाजता काठावर उभा राहून ओरडणारा प्रशिक्षक देत नाही. जमैकातही तेच आहे. पाण्याने वेढलेल्या त्या देशात पोहता न येणारी माणसं भरपूर आहेत.

अलियाचा जन्म डिसेंबर १९८८चा, जमैकातला. शाळकरी वयातच घरचे फ्लोरिडात गेले आणि ती तिथल्या पेम्ब्रोक पाइन्समध्ये क्रिस अँडरसन या प्रशिक्षकाकडे पोहू लागली. पुढची सगळी वर्षं मुक्काम अमेरिकेत आणि टोपीवर झेंडा जमैकाचा. यावर नाक मुरडणारे असतात: मग ती जमैकाची कसली? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपला जलतरणपटू साजन प्रकाश कुठे कुठे सराव करत होता ते बघावं. फुकेत, मग दुबई. फुकेतला तर तो जागतिक जलतरण संघटनेच्याच शिष्यवृत्तीवर होता. आपल्याएवढ्या खंडप्राय देशाला पोरगं बाहेर पाठवावं लागतं, तिथे सातारा जिल्ह्याएवढ्या देशाने काय करावं? घर सोडणं हा बेटावरच्या जलतरणपटूच्या कारकिर्दीचा पहिला टप्पाच असतो, आणि बातमीत तो पहिल्या परिच्छेदात आला पाहिजे. दोषारोप म्हणून नव्हे, नुसती माहिती म्हणून.

२००४ला अथेन्समध्ये ती पहिलं ऑलिम्पिक पोहली तेव्हा पंधरा वर्षांची होती. २००८ला बीजिंग. दोन्ही वेळा प्राथमिक फेरीतच परत. २०१०मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून अमेरिकेतली आंतरविद्यापीठ स्पर्धा तिने २०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे छातीवर बेडकासारखे पाय मारत पोहण्याच्या प्रकारात, जिंकली. ज्यांना ती स्पर्धा माहीत आहे त्यांना यातलं वजन कळेल. तिथल्या अंतिम फेरीच्या आठ लेनमध्ये निम्मे पुढचे ऑलिम्पियन असतात.

मग लंडन, २०१२. इथे जरा थांबतो, कारण इतकी चांगली गोष्ट आपल्या वाचकांपर्यंत पोचली नाही याची मला अजून चुटपुट आहे.

१०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या उपांत्य फेरीतून आठ जणी अंतिम फेरीत जातात. आठव्या जागेवर दोघींची वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखी आली: अलिया आणि कॅनडाची टेरा व्हॅन बायलेन, दोघींची १ मिनिट ७.४८ सेकंद. अशा वेळी स्विम-ऑफ होतो. म्हणजे सगळ्या शर्यती आटोपल्या की त्या दोघींनीच पुन्हा पाण्यात उतरायचं, पुन्हा तेच शंभर मीटर, आणि जिंकेल तिने अंतिम फेरीत जायचं. पाय आधीच दगड झालेले असतात. बाजूच्या सहा लेन मोकळ्या. अलियाने त्या शर्यतीत १:०६.७९ काढले. उपांत्य फेरीपेक्षा जवळजवळ सात दशांश सेकंदांनी जलद, आणि जमैकाचा राष्ट्रीय विक्रम. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत १:०६.९३, चौथा क्रमांक. तिसरी आलेली जपानची सातोमी सुझुकी १:०६.४६. म्हणजे त्या ऑलिम्पिकमधली अलियाची सर्वांत जलद वेळ अंतिम फेरीत आलीच नाही. ती आली आदल्या संध्याकाळी, अर्धं प्रेक्षागृह घरी निघालेलं असताना, दोघीच पाण्यात असताना.

चौथा क्रमांक. आपल्याला चौथ्या क्रमांकाची किंमत मिल्खा सिंग आणि पी. टी. उषा यांनी शिकवली आहे. पण ती फक्त आपल्या माणसाची.

याहून गंमत अशी की जमैकाच्या जलतरणात आधीचा चौथा क्रमांकही ॲटकिन्सनचाच होता. जनेल ॲटकिन्सन, सिडनी २०००, ४०० मीटर फ्रीस्टाइल. दोघींचं नातं काही नाही, आडनाव तेवढं एक. आणि सिडनी म्हटल्यावर तुम्हाला कोण आठवतं तेही मला माहीत आहे: इक्वेटोरियल गिनीचा एरिक मूसाम्बानी. बाकीचे दोघे चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले आणि तो एकटाच शंभर मीटर पोहला, १:५२.७२. बुडतो की काय अशी लोकांना धास्ती. ते चित्र जगभर गेलं, आपल्याकडेही आलं, आणि अजून दर ऑलिम्पिकला नव्याने येतं. मला मूसाम्बानीविषयी आदरच आहे. हॉटेलच्या छोट्याशा तलावात सराव केलेला माणूस होता तो. पुढे त्याने शंभर मीटर ५७ सेकंदांच्या आत आणलं आणि आपल्या देशाचा प्रशिक्षक झाला, हे मात्र फार थोड्यांनी छापलं. पण त्याच आठवड्यात, त्याच तलावात, छोट्या बेटावरची एक मुलगी जगात चौथी आली होती. तिचं नाव आज किती क्रीडा वार्ताहरांना सांगता येईल? माझी तक्रार नेमकी ही आहे. छोट्या देशाचा पोहणारा आपल्या पानावर येतो तो शेवटचा आला तर, किंवा पदक घेऊन आला तर. मधे जे काही आहे, आणि कारकीर्द बहुतेक मधेच असते, त्याला जागा नाही.

तारीख ६ डिसेंबर २०१४, स्थळ दोहा, २५ मीटर तलावातली जागतिक स्पर्धा. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम फेरी. लंडनची सुवर्णविजेती, लिथुआनियाची रूटा मेइलुटाइटे शेजारी, आणि विश्वविक्रमही तिचाच. अलियाने भिंतीला हात लावला, वळून फलकाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग डोळे विस्फारले, तोंड उघडं पडलं. १:०२.३६. मेइलुटाइटे दशांश सेकंदाने मागे, १:०२.४६. विश्वविक्रमाशी बरोबरी झाली, आणि जलतरणात जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.

त्या आठवड्यात आपली पानं कशाने भरली होती हेही आठवतं. फिलिप ह्यूज नुकताच गेला होता, ॲडलेडची कसोटी पुढे ढकलली गेली होती, सगळे ९ डिसेंबरची वाट बघत होते. ते साहजिकच होतं, त्यात तुम्हाला बोल लावत नाही. पण त्यानंतरचे आठ दिवस, पंधरा दिवस, वर्ष? जमैकासारख्या देशातून अशी जगज्जेती पुन्हा केव्हा येणार होती?

मला माहीत आहे, डेस्कवर कुणीतरी म्हणतं, “पंचवीस मीटर ना? ते काही खरं पोहणं नव्हे.” ऑलिम्पिक ५० मीटरच्या तलावात होतं, म्हणून २५ मीटरची स्पर्धा दुय्यम, असा समज पक्का आहे. यावर थोडं सविस्तर लिहू द्या. मी जिल्हा आणि राज्य स्पर्धांत तलावाच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा माणूस आहे, आणि हा विषय निघाला की मला आवरत नाही.

शंभर मीटरची शर्यत ५० मीटरच्या तलावात असेल तर टर्न एक. २५ मीटरच्या तलावात टर्न तीन. प्रत्येक टर्नला पोहणारा भिंतीला पाय देऊन स्वतःला ढकलतो, आणि त्या क्षणी त्याचा वेग पाण्यावर पोहतानाच्या वेगापेक्षा जास्त असतो. तो वेग पाण्याखाली जास्तीत जास्त टिकवायचा, सगळी कला त्यात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तर यावर नियमांचं जाळंच आहे. दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले पाहिजेत. आम्हा काठावरच्यांचं निम्मं लक्ष तिथे असतं. मग ढकलल्यावर पाण्याखाली हात एकदाच मांड्यांपर्यंत ओढायचे, त्या दरम्यान डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून शेपटीसारखा मारलेला फटका, फक्त एक, मग ब्रेस्टस्ट्रोकची किक, आणि दुसऱ्या स्ट्रोकमध्ये हात आत वळायच्या आधी डोकं पाण्याबाहेर. या सगळ्याला पुलआउट म्हणतात. ती एक डॉल्फिन किक नियमात बसली तीसुद्धा २००५मध्ये, अथेन्स ऑलिम्पिकला जपानच्या कोसुके कितजिमाच्या किकवरून गदारोळ झाल्यावर. म्हणजे अलियाने पहिलं ऑलिम्पिक एका नियमात पोहलं आणि बाकीची चार दुसऱ्या नियमात.

आता फरक बघा. २०१४च्या त्या दिवशी ५० मीटर तलावातला महिलांचा विश्वविक्रम १:०४.३५ होता, मेइलुटाइटेचाच. २५ मीटर तलावातला १:०२.३६. दोन सेकंदांचं अंतर केवळ जास्तीच्या दोन भिंतींचं. अलियाची ताकद नेमकी त्या भिंतीजवळ होती. कुस्तीत माती आणि मॅट हे दोन वेगळे आखाडे आहेत आणि दोन्हींतले पैलवान खरे, हे आपण मान्य करतो. हिंदकेसरीला कुणी “ऑलिम्पिकला माती नसते” म्हणून हिणवत नाही. तलावाच्या बाबतीत मात्र हा मोठेपणा आपल्याला जमत नाही.

दुसरंही एक आहे. ५० मीटरचा तलाव बांधणं आणि तो चालवणं गरीब किंवा छोट्या देशाला झेपत नाही. पाणी, वीज, क्लोरीन, गाळणी यंत्रणा, रोजचा खर्च. किंग्स्टनमध्ये १९६६ साली राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, म्हणून जमैका त्यातल्या त्यात नशीबवान. बऱ्याच बेटांवर मुलं शिकतात ती शाळेच्या, क्लबच्या, हॉटेलच्या छोट्या तलावात, किंवा समुद्रात दोर बांधून आखलेल्या पट्ट्यात. मालदीवच्या मालेत तर समुद्रालाच बांध घालून पोहण्याची जागा केलेली आहे. अशा मुलांची पहिली ओळख भिंतीशी होते आणि छोट्या अंतराशी होते. ज्या तलावात ती वाढली, त्याच्यासारख्या तलावात ती जिंकली तर ते विजेतेपद खोटं?

अलियाचं पुढचं भराभर सांगतो. २०१५ कझान, मोठ्या तलावातली जागतिक स्पर्धा: ५० मीटरमध्ये रौप्य, १०० मीटरमध्ये कांस्य. २०१६च्या ऑक्टोबरात टोकियोत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा छोट्या तलावातला विश्वविक्रम, २८.६४. २०१८च्या ऑक्टोबरात बुडापेस्टला तोच विक्रम स्वतःच मोडला, २८.५६. हा विक्रम २०२२च्या डिसेंबरपर्यंत टिकला आणि मेलबर्नला मोडला तो, दुसरं कोण, मेइलुटाइटेनेच. १०० मीटरचं छोट्या तलावातलं जागतिक विजेतेपद २०१४, २०१६ आणि २०१८, सलग तीनदा. शेवटच्या वेळी, चीनमधल्या हांगजोला, ५० मीटरचंही. २०२१च्या डिसेंबरात अबूधाबीच्या जागतिक स्पर्धेनंतर तिने थांबायचं ठरवलं.

आणि ऑलिम्पिक? रिओला अंतिम फेरीत आठवी. टोकियोला प्राथमिक फेरीत बाहेर. पाच ऑलिम्पिक, पदक शून्य.

आता आपल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे दर चार वर्षांनी पंधरा दिवस खिडकी उघडून, या कारकिर्दीकडे बघा. काय दिसतं? बाहेर, बाहेर, चौथी, आठवी, बाहेर. अपयशी खेळाडू. खिडकी उरलेल्या वर्षांत उघडी ठेवली तर दिसते तीनदा सलग जगज्जेती, विश्वविक्रमवीर, आणि सतरा वर्षं एकाच झेंड्याखाली टिकलेली बाई. माणूस तोच, आकडे तेच. बदलते ती फक्त आपली हजेरी.

रंगाचा मुद्दा मुद्दाम पहिल्या ओळीत आणला नाही, कारण आणला की सगळी बातमी तोच खाऊन टाकतो. पण तो आहेच. काळ्या माणसाचं शरीर पाण्यात तरंगत नाही, असली थोतांडं कित्येक वर्षं शास्त्राच्या नावाखाली खपवली गेली. अमेरिकेत तर कित्येक सार्वजनिक तलावांत काळ्यांना पाऊलच ठेवू दिलं जात नव्हतं. तलावातच येऊ दिलं नाही तर पोहणार कुठून? कुरासाव बेटावर जन्मलेल्या एनिथ ब्रिगिथाने १९७६ला नेदरलँड्ससाठी दोन कांस्यपदकं मिळवली. १९८८ला सोलमध्ये सुरिनामच्या अँथनी नेस्टीने १०० मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेच्या मॅट बिऑन्डीला एका शतांश सेकंदाने हरवलं. नेस्टीचा जन्म त्रिनिदादचा, आणि हाच माणूस पॅरिसला अमेरिकेच्या पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. मग दोहा. मग रिओत सुवर्ण जिंकणारी अमेरिकेची सिमोन मॅन्युएल. या मालिकेत अलियाचं नाव जिथे बसतं तिथेच लिहायला हवं, आगेमागे नको.

तिच्यासारखे आणखीही आहेत. त्रिनिदादचा जॉर्ज बोवेल. पोर्ट ऑफ स्पेन आपल्याला पाठ आहे ते १९७१मुळे, सुनील गावसकरांच्या पदार्पणामुळे. त्याच बेटाच्या बोवेलने अथेन्सला २०० मीटर वैयक्तिक मेडलीत अमेरिकेच्या फेल्प्स आणि लॉक्टीच्या पाठोपाठ कांस्य मिळवलं, देशाचं जलतरणातलं पहिलं ऑलिम्पिक पदक. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, ब्रेस्टस्ट्रोकची किक मारणं अवघड झालं, तर या गृहस्थाने चार स्ट्रोकची शर्यत सोडून पन्नास मीटर फ्रीस्टाइल धरली आणि २०१३ला बार्सिलोनात जागतिक स्पर्धेचं कांस्य आणलं. नऊ वर्षांच्या अंतराने, दोन पूर्ण वेगळ्या शर्यतींत! क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सलामीचा फलंदाज म्हणून नाव कमावून मग जलदगती गोलंदाज म्हणून परतणं. आणि केमन बेटांचा जॉर्डन क्रूक्स. केमन हा स्वतंत्र देश नव्हे, ब्रिटनचा प्रदेश. पण स्पर्धेत स्वतःच्या झेंड्याने उतरतो. क्रूक्सने २०२४च्या डिसेंबरात बुडापेस्टला ५० मीटर फ्रीस्टाइल १९.९० सेकंदांत पोहून दाखवली. वीस सेकंदांच्या आत येणारा जगातला पहिला माणूस. तलाव अर्थातच २५ मीटरचा होता. तुमच्यापैकी किती जणांनी ती बातमी घेतली, हे मी विचारत नाही.

आता घरचं.

ज्या देशाच्या पुरुषांपैकी किंवा स्त्रियांपैकी एकही जलतरणपटू ऑलिम्पिकची पात्रता वेळ गाठत नाही, त्याला त्या गटात एक खेळाडू पाठवण्याची मुभा मिळू शकते. याला युनिव्हर्सॅलिटी म्हणतात. मालदीव, पलाऊ, सेशेल्स यांची मुलं या दारातून येतात. आपल्याकडे यांच्यावर हलकंफुलकं लिहायची प्रथा आहे: हौशी, भाबडे, “सहभाग हाच विजय” वगैरे. तर २०२४ला पॅरिसला भारताचे दोनच जलतरणपटू गेले, श्रीहरी नटराज आणि चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू. दोघेही याच दारातून. रिओला साजन प्रकाश आणि शिवानी कटारिया, याच दारातून. टोकियोला साजन आणि श्रीहरी थेट पात्रता वेळ देऊन गेले, तो आपल्या जलतरणातला मोठा दिवस होता; माना पटेल मात्र पुन्हा याच दारातून. एकशे चाळीस कोटींचा देश आणि पलाऊ या बाबतीत एकाच रांगेत उभे आहेत. पलाऊच्या पोराला हसताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणि आपल्या पोरांविषयी आपण काय छापतो? “भारताचे आव्हान प्राथमिक फेरीतच संपुष्टात.” हा मथळा टाइप करून ठेवलेला असावा, दर चार वर्षांनी फक्त नाव बदलतं. ती पोरगी त्या दिवशी स्वतःच्या सर्वोत्तम वेळेच्या जवळ पोहली की लांब, राष्ट्रीय विक्रम कितीचा आहे, उपांत्य फेरीला किती कमी पडलं, यातला एक आकडा नसतो. पोहण्यात क्रमांकापेक्षा वेळ बोलते. तिसावा आलेला माणूस आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत पोहलेला असू शकतो. हे पहाटे तलावावर बॅग घेऊन बसलेल्या कुठल्याही आईला विचारा, ती पोराच्या वेळा शतांशासकट सांगेल.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण घ्या. बीजिंग ऑलिम्पिकला गेला तेव्हा तो सतरा वर्षांच्या आतबाहेर होता, तेव्हा लिहिलं गेलं. २०१०ला ग्वांगजोच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं. खजान सिंग यांच्या १९८६च्या रौप्यानंतर चोवीस वर्षांनी आलेलं पदक, तेव्हाही लिहिलं गेलं. पण ५० मीटर बटरफ्लाय ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये नव्हती. म्हणजे त्याचं सगळ्यात धारदार हत्यार मोठ्या मैदानात वापरायची सोयच नव्हती, आणि हे वाक्य मला कुठल्या बातमीत सापडलं नाही. अलियाचंही तेच. तिच्या विश्वविक्रमाची ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ही शर्यत तिच्या पाचही ऑलिम्पिकमध्ये नव्हती.

आता ती येते आहे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि बॅकस्ट्रोकच्या पन्नास मीटरच्या शर्यती घ्यायचं ठरलं आहे. अलिया तेव्हा एकोणचाळीस वर्षांची असेल. तिला याचा उपयोग नाही, वीरधवललाही नाही. पण छोट्या बेटांवरच्या कितीतरी मुलांना आहे, आणि आपल्याही. पन्नास मीटरच्या शर्यतीला दमसासाची वर्षानुवर्षांची यंत्रणा तुलनेने कमी लागते. सुरुवात, पाण्याखालचा वेग आणि नुसता स्फोट यावर ती जिंकता येते. छोट्या जागेतून मोठा माणूस निघण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त. माझा अंदाज असा की २०२८च्या या शर्यतींच्या अंतिम फेरीत आपल्याला नकाशात शोधावा लागेल असा एखादा झेंडा असेल. तेव्हा “कोण हा अज्ञात जलतरणपटू” असा मथळा लागला तर तो अज्ञात आपल्यालाच होता, इतकंच.

मागणं मोठं नाही. जलतरणाचा निकाल छापाल तेव्हा तलाव २५चा की ५०चा ते लिहा. क्रमांकाशेजारी वेळ द्या, आणि जमलं तर त्या खेळाडूची आधीची सर्वोत्तम वेळ. समालोचक मंडळींनी शेवटच्या लेनमधल्या मुलाचं नाव नीट उच्चारावं, शर्यतीआधी दोन मिनिटं काढून त्याच्या देशात तलाव किती हे वाचून यावं. तेवढ्यानेही बोलण्याचा सूर बदलतो. आणि २५ मीटरची जागतिक स्पर्धा एरवी सम वर्षांच्या डिसेंबरात होते, तिच्यासाठी थोडी जागा राखा. त्या आठवड्यात क्रिकेटचा एखादा दौरा असणारच, कळतं आम्हाला. मुखपृष्ठ कुणी मागत नाही. आतल्या पानावर चौथ्या रकान्यात पंधरा ओळी चालतील. निकालपत्रकं त्याच रात्री जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर येतात. त्यातले आकडे वाचायला अडचण आली तर जवळच्या तलावावर जा आणि कुठल्याही टाइमकीपरला विचारा. चहासुद्धा पाजू नका, आम्ही तसंच सांगू. आम्हाला कुणी विचारत नाही हीच आमची अडचण आहे.

आपला,
क्रीडापान मागून वाचायला सुरुवात करणारा एक वाचक